डोकी मोजणारा पारा

1882. फ्रान्समधलं ग्रनोबल. तुम्ही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभे आहात आणि पायांना कापरं भरलंय. परभणीहून निघालात तेव्हा अंगात सुती शर्ट होता. या घडीला तिकडे निजामाचा अंमल आहे, रेल्वे यायला अजून बरीच वर्षं आहेत, आणि पाणी गोठवून त्याचा अभ्यास करतो म्हटलं तर लोक तोंडाकडे बघत राहतील. इथे मात्र बर्फ घमेल्याने ओततात.

टेबलावर बर्फ आणि मीठ भरलेलं भांडं, त्यात काचेची नळी, नळीत थर्मामीटर. मागे 52 वर्षांचे प्राध्यापक फ्रांस्वा-मारी राऊल्ट वहीत आकडे उतरवताहेत. विरघळलेल्या पदार्थामुळे पाणी शून्याच्या खाली जाऊन गोठतं, आणि पदार्थ दुप्पट घातला की घटही दुप्पट होते, हे लंडनच्या ब्लॅग्डेननी 1788 मध्येच सांगून ठेवलंय. राऊल्ट काही वर्षं वाइन आणि मद्यार्क किती अंशाला गोठतात ते तपासत होते. यंदा त्यांनी 29 सेंद्रिय पदार्थ ओळीने घेतले: 100 ग्रॅम पाण्यात 1 ग्रॅम पदार्थ टाकला तर गोठणबिंदू किती उतरतो ते काढायचं आणि त्या आकड्याला पदार्थाच्या रेणुभाराने गुणायचं.

वहीत डोकावून बघा. गुणाकार जवळपास सगळीकडे 18.5 च्या आसपास येतोय. साखर असो, मद्यार्क असो, फरक नाही.

या आकड्याचं मोल कळायला त्या काळच्या रसायनतज्ज्ञाची पंचाईत समजून घ्यावी लागते. पदार्थ जाळून त्यात कार्बन किती, हायड्रोजन किती हे त्याला कळतं, पण ते फक्त प्रमाण. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल आणि ग्लुकोज यांचं प्रमाण तंतोतंत एकच. रेणुभार मात्र 60 आणि 180. जो पदार्थ उकळतो त्याची वाफ तोलता येते. साखर तापवली तर वाफ कुठली, कोळसा होतो. अशा पदार्थाचा रेणू केवढा, हे आता बर्फ सांगणार आहे.

कसं? गोठणबिंदूचा कारभार एसटीच्या कंडक्टरसारखा आहे: जाडा असो वा रोडका, माणूस एक तर तिकीट एक. रेणू किती जड याच्याशी त्याला देणंघेणं नाही, डोकी किती तेवढं बघायचं. वजन आपल्याला ठाऊक असतं, डोकी पाऱ्याने मोजली; भागाकार केला की एका डोक्याचं वजन हातात येतं.

फक्त मिठासारख्या क्षारांच्या ओळीत घट जवळजवळ दुप्पट येते, आणि राऊल्टच्या नोंदींतही ते दिसतं. पाण्यात मिठाचे दोन तुकडे होतात, म्हणून एकाची दोन डोकी मोजली जातात. हे स्वीडनचे अर्‍हेनियस 1887 मध्ये मांडतील.

आणखी सहा वर्षं पुढे सरका. 1888, जर्मनीतलं लाइपझिग. एर्न्स्ट बेकमन मूळचे औषधनिर्माते. त्यांच्यापुढे बेन्झाल्डॉक्झाइमची दोन रूपं आहेत. घटक तेच, प्रमाण तेच, तरी वागणं वेगळं. दोन्हींचा रेणू सारखाच मोठा की एक दुसऱ्याची पटीत जोडलेली आवृत्ती, हा वाद मिटवायला त्यांना रेणुभार हवाय. त्यासाठी त्यांनी खास थर्मामीटर घडवलाय. पट्टी जेमतेम पाच-सहा अंशांची, प्रत्येक अंशाचे शंभर भाग, आणि वरच्या टोकाला पाऱ्याची छोटी टाकी. पारा कमी-जास्त करून तीच पट्टी हव्या त्या तापमानाला लावायची.

तुमच्या खिशात पुडी आहे. गावाकडच्या फाटक्या गोणीतले पांढरे दाणे, लेबल नसलेले. 50 ग्रॅम शुद्ध पाणी आतल्या नळीत घ्या आणि ढवळणी वरखाली करत राहा. पारा उतरतो, उतरतच जातो, गोठण्याची खूण ओलांडूनही खाली. घाबरू नका, पाणी तसंच द्रव राहून गारठलंय. एकदम आत स्फटिकांची जाळी पसरते आणि पारा उसळून वर येऊन थबकतो. भिंग लावून वाचा: 3.412. आता 0.60 ग्रॅम दाणे टाका, विरघळू द्या, पुन्हा सगळं पहिल्यापासून. 3.040. फरक 0.372 अंश.

पाण्याचा स्थिरांक 1.86, म्हणजे राऊल्टचाच आकडा, फक्त 100 ऐवजी 1000 ग्रॅम पाण्यामागे. त्याला 0.60 ने आणि 1000 ने गुणा, खाली 0.372 गुणिले 50. उत्तर 60.

अ‍ॅसेटिक आम्लाचाही रेणुभार 60 च, पण ते आंबट आणि द्रव. तुमच्या दाण्यांत नायट्रोजन भरपूर आहे. हा युरिया, वोलरने 1828 मध्ये प्रयोगशाळेत बनवला तोच.

परतीच्या वाटेवर 1922 मध्ये घटकाभर थांबाच. रास्ट नावाचा रसायनतज्ज्ञ बर्फ बाजूला सारून कापूर घेतो. कापराचा स्थिरांक 40 च्या घरात, पाण्याच्या वीसपट, त्यामुळे साध्या थर्मामीटरवरही घट दिसते. मे महिन्यात परभणीत बर्फ टिकवण्याची कटकट ज्याला ठाऊक आहे त्याला ही पद्धत जास्त आवडेल. मला तरी आवडते.

आता आजची परभणी. डेअरीच्या प्रयोगशाळेत सकाळचे कॅन उतरताहेत. टेबलावरचा क्रायोस्कोप, म्हणजे गोठणबिंदू मोजणारं यंत्र, बेकमनच्याच घराण्यातला. तो दुधाच्या कामाला लावला तो मिनेसोटाच्या ज्युलियस हॉर्टव्हेटनी, 1920 च्या सुमारास. अडीच मिलिलिटर दूध उणे तीन अंशांपर्यंत गारठवलं जातं, मग यंत्र नळीला एक हादरा देतं; दूध गोठू लागतं आणि आकडा वर येऊन थांबतो: उणे 0.54 च्या जवळ. लालकंधारी गाईचं दूध घ्या की म्हशीचं, फारसा फरक पडत नाही. फॅटचे थेंब विरघळलेले नसतात, म्हणून ते मोजणीतच नाहीत. लॅक्टोज आणि क्षार मात्र जनावराच्या रक्ताशी मेळ राखून असतात. दहा टक्के पाणी घातलं की आकडा उणे 0.49 वर चढतो आणि चोरी उघडी पडते.

लबाडालाही हा हिशेब कळतो. पाण्याने कमी झालेली डोकी भरून काढायला साखर घातली तर एका रेणूचा भार 342, युरियाचा 60. तेवढीच डोकी उभी करायला साखर साडेपाचपटीहून जास्त लागते, शिवाय युरियाने एसएनएफही, म्हणजे फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांचा आकडाही फुगतो. म्हणून तो युरिया घालतो. यंत्र नाव विचारत नाही, त्यामुळे आकडा चोख येतो. 2015 पासून शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे युरिया शेताबाहेर वळू नये हाही हेतू होता.

यंत्र असं फसतं, म्हणून लॅबमधली मुलगी नुसत्या क्रायोस्कोपवर विसंबून राहत नाही. ती दुसऱ्या नळीत त्याच दुधात युरिया ओळखणारं डीएमएबीचं द्रावण टाकते. थोडा युरिया प्रत्येक दुधात मुळातच असतो, त्यामुळे फिकट पिवळी झाक सगळ्याच नळ्यांत येते. एक नळी गडद पिवळी होते. मुलगी तिच्यावरचा नंबर वाचते आणि दारातल्या पोऱ्याला म्हणते, ‘‘अरे, सतरा नंबरचा कॅन टाकीत ओतू नको. ज्याचा आहे त्याला आत बोलव.’’