किल्ल्याबाहेरचं अर्नाळा

अर्नाळा म्हटलं की मुंबईकराला रिसॉर्ट आठवतात. आम्हा वसई-विरारच्या लोकांना ताजी मासळी आठवते, नाहीतर शाळेची सहल. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात उभं राहिलं की समोर पाण्यात एक हिरवं बेट दिसतं. माडाताडांची दाटी, मध्ये काळ्या तटाची रेघ आणि एका टोकाला सगळ्यांपासून फटकून उभा असलेला एक बुरूज. बहुतेक लोक या बेटाकडे पाठ करून फोटो काढतात आणि घरी जातात. त्यांचं चुकतं असं नाही, पण होडीचं थोडंसं भाडं वाचवून ते जे गमावतात ते फार आहे, एवढंच.

मी पहिल्यांदा तिकडे गेलो ते २००६ च्या डिसेंबरात. विरारहून एसटीने अर्नाळा, मग गावातून चालत किनारा, मग होडी. होडीत माझ्याबरोबर तांदळाचं पोतं, दोन गॅसचे सिलिंडर, बर्फाच्या लाद्या आणि शाळेतून घरी निघालेली चार पोरं. दहा-एक मिनिटांचा प्रवास. पलीकडे होडी वाळूला लागली तेव्हा सगळ्यांनी सवयीने कपडे गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि पाण्यात उड्या मारल्या. मी बूट हातात धरून मागून. समोर बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीच्या ओळी. त्यांच्याशेजारी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, किल्ल्यात कसं जायचं?"

त्यांनी मान वर केली. "किल्ल्यातच तर उभा आहेस की रे."

तेव्हा मला तो विनोद वाटला. नंतर कळलं की विनोद वगैरे काही नाही. इथे बेटालाच किल्ला म्हणतात. किनाऱ्यावरचं ते अर्नाळा आणि पाण्यातलं ते किल्ला. इथल्या ग्रामपंचायतीचं नावही 'अर्नाळा किल्ला' असंच आहे. तटाने बेटाचा एक भाग वेढला, पण नाव मात्र सगळं बेट गिळून बसलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. या बेटाचा जो इतिहास आपण वाचतो तो तटाच्या आतला आहे. मग तटाच्या बाहेरच्यांचा इतिहास कुठे आहे?

आधी आतला सांगतो, कारण तोही काही कमी रंगतदार नाही.

वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या तोंडावर हे बेट आहे. पलीकडच्या काठाला दातिवरे. आज वैतरणा म्हटलं की आपल्याला पाण्याचं धरण नाहीतर लोकलचा पूल आठवतो, पण जुन्या काळी ही नदी म्हणजे रस्ता होती. भरतीच्या पाण्यावर होड्या पार मनोरपर्यंत आत जायच्या आणि तिथून जंगलातलं इमारती लाकूड खाली यायचं. खाली आगाशीला जहाजं बांधायचा मोठा उद्योग होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी आगाशीवर हल्ले करून जाळपोळ केली ती काही उगाच नाही. साग, जहाजं आणि खाडीचं तोंड, या तीन गोष्टी ज्याच्या हातात त्याच्या हातात उत्तर कोकणचा किनारा. अर्नाळ्याचं बेट बरोबर त्या तोंडात बुचासारखं बसलेलं आहे. त्यात भर म्हणजे चारी बाजूंनी खारं पाणी असताना बेटाच्या पोटात गोडं पाणी लागतं! गलबतवाल्यांना आणि फौजेला याहून जास्त काय हवं?

१५१६ साली गुजरातच्या सुलतानाच्या सरदाराने इथे पहिली गढी बांधली असं सांगतात. १५३४ च्या तहात बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पाठोपाठ हे बेटही त्यांच्याकडे गेलं. ते याला गाईंचं बेट म्हणत, 'इल्हा दास व्हाकास'. नावावरून इथे एकेकाळी गुरं चरत असावीत. बेट एका पोर्तुगीज उमरावाला इनाम मिळालं. त्याने जुनी गढी पाडून सातशे फूट लांब-रुंद अशा किल्ल्याचं काम काढलं आणि ते काही पुरं झालं नाही. दोनशे वर्षं बेट ताब्यात, पण किल्ला अर्धाच. सरकारी कामं तेव्हाही तशीच असावीत.

मग १७३७. वसईच्या मोहिमेला तोंड फुटलं त्याच वर्षी मराठ्यांनी अर्नाळा घेतला. वसईचा कोट पडायला अजून दोन वर्षं होती, चिमाजी अप्पांचा तो प्रसिद्ध वेढा १७३९ च्या मे महिन्यात संपला. पण अर्नाळा आधीच हातात आल्यामुळे वसईची उत्तरेकडची समुद्राची वाट मराठ्यांच्या नजरेखाली आली. वसईच्या विजयावर आपण पोवाडे गातो, आणि गावेतच. त्याआधीच्या या लहान बेटाचं नाव मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

आज उभा आहे तो किल्ला मराठ्यांनी नव्याने बांधलेला. तट दहा मीटर उंच, कोपऱ्यांवर गोल बुरूज. दरवाज्यावर दोन्ही बाजूंना सोंडेत माळा धरलेले हत्ती आणि शरभ कोरले आहेत. दगड खाऱ्या वाऱ्याने झिजलाय, तरी हत्तींचा रुबाब टिकून आहे. दरवाज्यावरच शिलालेख आहे. बाजीरावाची आज्ञा, ती अमलात आणणारा शंकर, म्हणजे पुढे वसईचा सरसुभेदार झालेला शंकराजी केशव फडके, आणि आज्ञा काय, तर पाश्चात्यांना मारून समुद्राच्या पोटात लवकर जंजिरा बांधा. मला त्यातली घाई आवडते. शिलालेखात सहसा देव असतात, बिरुदं असतात, चंद्रसूर्य असतात. इथे चक्क 'लवकर करा' असं दगडात कोरलंय. बांधणाऱ्याचं नावही आढळतं, बाजी तुळाजी. आणि या वेळी काम पुरं झालं.

आत गेल्यावर मात्र लढाईचा मागमूस राहत नाही. मधोमध अष्टकोनी बांधीव तळं, त्र्यंबकेश्वराचं आणि भवानीचं देऊळ, दर्गा, नित्यानंद महाराजांच्या पादुका. तटाच्या आत शेती चालते. मी गेलो तेव्हा वांग्याला पाणी देणं चाललं होतं. बुरुजावर चढून पूर्वेला पाहिलं तर विरारचा जीवदानीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी वाढत चाललेल्या इमारती.

आता तो फटकून उभा असलेला बुरूज. तो किल्ल्यापासून बराच दूर, दक्षिण टोकाला एकटा आहे. मला तो पाहताना कोर्सिका आठवतं. कोर्सिका म्हणजे नेपोलियनचं जन्मस्थान, भूमध्य समुद्रातलं दाट जंगलांचं डोंगराळ बेट. आपण वसईत पोर्तुगीज पाहत होतो त्याच दशकात, १५३० नंतर, तिथे जिनोआच्या राज्यकर्त्यांनी किनाऱ्यावर असेच एकटे गोल बुरूज उभारायला घेतले. उत्तर आफ्रिकेचे चाचे दिसले की एका बुरुजावर धूर करायचा, तो पाहून दुसऱ्यावर. असे ऐंशीहून जास्त बुरूज झाले. त्यातल्या मोर्तेल्ला नावाच्या एकाने १७९४ साली इंग्रजांच्या दोन युद्धनौकांना दाद दिली नाही. शेवटी जमिनीवरून तोफा लावून तो घ्यावा लागला. इंग्रज इतके खूश झाले की नाव चुकीचं लिहून 'मार्टेलो' म्हणून तसलेच बुरूज स्वतःच्या किनाऱ्यावर बांधत सुटले. गंमत म्हणजे कोर्सिकाही तेव्हा बंडात होतं. १७३६ साली एका जर्मन उपटसुंभाने तिथे स्वतःला राजा म्हणून घोषित केलं आणि काही महिन्यांत तो पळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे अर्नाळा.

पण या तुलनेत मला खरी महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कोर्सिकाची जुनी गावं डोंगरात आहेत. चाच्यांना कंटाळून माणसं किनारा सोडून वर चढली, जंगलात शिरली. तिथे चढायला डोंगर होता. अर्नाळ्याला नाही. समुद्राकडून कोणी आलं तर इथला कोळी जाणार कुठे? आणि मुळात जाईल कशाला, त्याचं पोट त्याच वाळूवर आहे. म्हणून सुलतानाचा सरदार आला, पोर्तुगीज आले, मराठे आले, १७८१ च्या जानेवारीत इंग्रज आले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेट परत गेलं, १८१७-१८ मध्ये इंग्रज कायमचे आले, आणि या सगळ्या काळात कोळीवाडा तटाच्या बाहेर, वाळूवर. प्रत्येकाने गोड्या पाण्याभोवती भिंत बांधली किंवा बांधायला घेतली, आणि वस्ती भिंतीबाहेर राहिली. शिलालेखात बाजीराव आहे, शंकराजी आहे, बाजी तुळाजी आहे. पण भरती-ओहोटी ओळखून तो दगड होड्यांतून ज्यांनी इथे आणला असेल, ते कुठे आहेत? दगड काही पोहत आला नाही.

कोळ्यांचा इतिहास विचारला तर त्या दिवशी मला लोकांनी किल्ला दाखवला नाही, कालिकामातेचं देऊळ दाखवलं. ते तटाबाहेर आहे. जत्रेला वसई-पालघरच्या किनाऱ्यावरून होड्या भरभरून येतात म्हणे.

१८ जून २०२५ ला विशाखापट्टणम इथे 'आयएनएस अर्नाळा' नौदलात दाखल झाली. उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोळा नौकांमधली ही पहिली, लांबी ७७ मीटर. याआधी १९७२ पासून १९९९ पर्यंत याच नावाची दुसरी नौका होती. बातमी वाचून बरं वाटलं. नाव देताना अर्थातच डोळ्यासमोर किल्ला होता, आणि ते योग्यच आहे. पण उथळ पाण्यातल्या कामाला अर्नाळ्याचं नाव, हे इथल्या लोकांनी वाचलं तर ते हसतील असं वाटतं. उथळ पाणी त्यांना शिकवायला नको.

त्यांची काळजी वेगळी आहे. पावसाळ्याच्या उधाणांत समुद्र बेटाचा किनारा खातोय, घरं गेली आहेत. तट दगडाचा आहे, तो उभा राहील. वस्ती वाळूवर आहे. माझ्या पुढच्या एका फेरीत एका माणसाने मला आजोबांचं घर दाखवायचं म्हणून किनाऱ्यावर नेलं आणि बोट केलं ते पाण्याकडे. "तिथे, ती होडी आहे ना, तिच्याही थोडं पुढे." तो रडवेला वगैरे नव्हता. कुठे काय होतं ते सांगत होता, पत्ता सांगावा तसं. पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्या घराची कुठेच नोंद नसणार.

जाणार असाल तर भरती-ओहोटी विचारून निघा. पावसाळ्यात जाऊ नका, होड्यांचा भरवसा नसतो. किल्ला तासाभरात होतो. मग तो एकटा बुरूज पाहायला वाळूवरून चालत जा, वाटेत वस्ती लागेल. फोटो काढण्याआधी विचारा, आणि परत येताना सुके बोंबील घ्या. घासाघीस करू नका.