लहिया, खिळे आणि मोडी

मोडी कागद यंत्राकडून वाचवून घेण्याचे प्रयोग सध्यां अनेक ठिकाणीं चालू आहेत. त्यामुळें संशोधक मंडळींत दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं आतां मोडी शिकण्याचें कारणच उरणार नाहीं; दुसरा म्हणतो कीं यंत्रास मोडी कधींच साधणार नाहीं. दोन्ही पक्षांचा आवेश पाहून आमचें लक्ष आपल्याच प्रांतांतील एका जुन्या प्रकरणाकडे गेलें. मुद्रणकला येथें आली तेव्हां जाणत्या लोकांनीं तिच्याविषयीं कोणतीं अनुमानें बांधलीं, आणि पुढें प्रत्यक्ष काय घडलें, हें ताडून पाहण्याचा या टिपणाचा हेतु आहे.

गोव्यांत छापखाना १५५६ सालींच आला. परंतु तेथें फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें निघालें तें रोमन अक्षरांत. देशी लिपींत छापावें ही इच्छा त्यानें १६०८ सालीं रोमच्या वरिष्ठांस कळविली होती, व आपल्या लिपींतील जोडाक्षरें जमेस धरतां सुमारें सहाशें सांचे लागतील ही अडचणही सांगितली होती. सुरतेचा भीमजी पारेख यानें १६७० सालीं कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ सालीं माणूस आलाही, पण देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची विद्या त्यास अवगत नव्हती. म्हणजे पहिलीं दीडशें वर्षें हरकत होती ती धातूची व कारागिरीची. आपल्या लोकांनीं धर्मभयास्तव ही कला दूर ठेवली असें जें सरसकट म्हटलें जातें, तें आम्हांस पुराव्यास धरून वाटत नाहीं.

मिरजेच्या गीतेचा वृत्तांत वाचकांस ठाऊकच आहे. तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापण्याची योजना पुण्यांत नाना फडणिसांच्या वेळीं निघाली. नाना १८०० सालीं वारल्यावर ती कला जाणणारा तांबट मिरजेस गेला, आणि १८०५ सालीं पटवर्धनांच्या आश्रयानें ती गीता तयार झाली. संपूर्ण पृष्ठ उलट कोरावयाचें, त्यांत सुटे खिळे नाहींत, त्यामुळें दुसरा ग्रंथ छापावयाचा तर सर्व श्रम पुन्हां आरंभापासून. हस्तलिखित पोथी दान देण्याच्या जुन्या आचारास एक सोपें साधन मिळालें, याहून अधिक अपेक्षा या योजनेमागें असल्याचें दिसत नाहीं.

पुढें मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं पंचांग छापलें. त्या काळच्या भीतीचें स्वरूप गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचें वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथावरून कळतें. छापील कागदास शिवूं नये, शाईंत चरबी असते, असें मानणारे सोवळे लोक तेव्हांही होते. गणपत कृष्णाजींनीं धर्मग्रंथांपुरती तुपाची शाई वापरून त्यांची सोय लावली. शंका शाईची होती, ती शाई बदलतांच मिटण्यासारखी होती. जे खरे फेरफार व्हावयाचे होते ते भलतीकडेच होत होते.

लहियाचें उदाहरण घ्या. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मानानें त्याचें काम मोजलें जाई. पोथीच्या शेवटीं पाठ, मान, कंबर मोडल्याची त्याची तक्रार आपण सर्वांनीं वाचली आहे. छापखान्यानें त्याचें पोट एका दिवसांत मारलें असें मात्र नाहीं. शिळाछापास मूळ मजकूर हातानेंच लिहावा लागे. म्हणून वळणदार बाळबोध लिहिणाऱ्यास शिळाप्रेसांत उलट मागणी आली, व आडव्या सुट्या पानांची पोथी तशाच रूपानें छापून निघूं लागली. खऱ्या अर्थानें त्याची गरज संपली ती खिळे चांगले व मुबलक झाले तेव्हां. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. तेथें जुळारी हा नवा कारागीर उभा राहिला. शास्त्र्यांसही नवें काम मिळालें. १८८६ पासून निघालेली काव्यमाला पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या शोधनावर उभी आहे. जुळाऱ्याचाही धंदा पुढें संगणकानें संपविला, हें आपल्या डोळ्यांदेखत झालें.

सर्वांत मोठा परिणाम लिपीवर झाला, आणि तो कोणीं आधीं वर्तविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. श्रीरामपुरास कॅरे यानें १८०५ सालचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापलें, पण १८१० चा कोश व १८१४ ची सिंहासनबत्तिशी मोडींत काढली. त्या घटकेस मोडीही छापील लिपि होण्याचा संभव होता. परंतु लेखणी न उचलतां धांवणारी ती लिपि सुट्या शिशाच्या तुकड्यांत नीट बसेना. आणि पोथ्यांची बाळबोध खिळ्यांत ठरली. पुस्तकें बाळबोधींत, दफ्तर मोडींत, असा विभाग पडला. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. एके काळीं जें प्रत्येक कुळकर्ण्यास येत होतें, तें तज्ज्ञांचें शास्त्र झालें. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा, आणि सरदेसायांचे पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग १९३० नंतरच्या थोड्या वर्षांतले. मोडीवाचक हा वर्गच एका परीनें छापखान्यानें निर्माण केला आहे, हें विसरून आपण त्याच्या मरणाचा शोक करीत असतों.

आतांच्या यंत्राविषयीं आम्हांस भय आहे तें निराळें. लहियाची चूक अक्षराच्या आकारावरून होते: 'घ' चा 'ध', 'प' चा 'य'. म्हणून ती उलट वाटेनें शोधून काढतां येते. पाठशुद्धीचें सर्व शास्त्र यावरच उभें आहे. यंत्र मात्र अडलेल्या ठिकाणीं संभवनीय शब्द घालतें. त्याची चूक अर्थास अनुसरून असल्यामुळें वाचणाऱ्यास खटकत नाहीं. शुहूर सनाच्या कालोल्लेखांत 'सितैन' च्या जागीं 'सबैन' पडलें, तर वाक्य सुरळीतच राहतें आणि पत्र दहा वर्षें पुढें सरकतें. चांगला मोडीवाचक न लागलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें देतो. यंत्राकडून अशीं टिंबें मागून घेतलीं पाहिजेत, व प्रत्येक वाचनाबरोबर त्या ओळीचें छायाचित्र ठेवलें पाहिजे.

संग्राहकांस आणखी एक विनंति. छापील प्रत घरांत आल्यावर जुनी पोथी नदींत सोडल्याचीं उदाहरणें आम्हांस माहीत आहेत. त्या पोथ्यांतील पाठभेद आतां कोठेंही मिळावयाचे नाहींत. रुमालांचीं छायाचित्रें काढून झालीं कीं मूळ कागदांविषयीं तीच बुद्धि होण्याचा संभव आहे. कागदाच्या पाठीवरचा शेरा, दोन बंद जोडल्याच्या सांध्यावरील शिक्का, घडीच्या खुणा, हीं पुष्कळदां छायाचित्र घेणाऱ्याच्या गांवींही नसतात. तेव्हां रुमाल बाहेर देण्यापूर्वीं प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू पाहून, बंदांची संख्या व शिक्क्यांच्या जागा यांची यादी मालकानें स्वतःच्या हातानें करून ठेवावी.