अक्षर टिकतें कशावर?

इ. स. २०२३ च्या ऑगस्टअखेर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, अंतरवाली सराटी या गांवीं, मराठा आरक्षणाचें आंदोलन पेटलें. आणि थोड्याच दिवसांत साऱ्या मराठवाड्याचें लक्ष जुन्या दप्तरांकडे वळलें. निजामी अमदानींतल्या कागदांत पूर्वजांच्या नांवापुढें ‘कुणबी’ अशी नोंद आहे कीं नाहीं, हा प्रश्न असंख्य कुटुंबांच्या भवितव्याचा होऊन बसला. निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली. कचेऱ्यांतले रुमाल सुटले. कागद कांहीं मोडींत, कांहीं उर्दूंत. ते वाचणारे जाणकार शोधून आणावे लागले. ज्या घराची नोंद शाबूत राहिली त्याच्या हातीं पुरावा आला. पण ज्याचें पान वाळवीनें खाल्लें असेल, त्याच्या हातीं काय येणार?

सांपडलेल्या कागदांच्या प्रतिमा पुढें संगणकांत उतरल्या. सातबाऱ्याचा उतारा तर १ मे २०१८ पासूनच डिजिटल स्वाक्षरीसह मिळूं लागला होता. रुमालाची जागा आतां तबकडीनें घेतली आहे. घरोघरींही तोच प्रकार आहे. लग्नाचीं छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें, दुकानाचे हिशेब, वडिलांचा आवाज, सारें त्या एका लहानशा डबींत जाऊन बसलें आहे. मग ही डबी आहे तरी काय, ती आली कोठून, आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, हें जाणून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

अक्षर जपण्याचा विचार या जिल्ह्याला नवा नाहीं. घनसावंगी तालुक्यांतलें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. त्यांचा जन्म इ. स. १६०८ मधला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतला पहिला समास केवळ लेखनक्रियेवर आहे. कागद कसा असावा, बोरू कसा तासावा, शाई कशी निवडावी, हें सांगून समर्थ दोन गोष्टी विशेषेंकरून बजावतात. पहिली अशी कीं, तरुणपणीं हौसेनें फार बारीक लिहिलें तर म्हातारपणीं तें वाचतां येत नाहीं; यास्तव अक्षर मध्यम असावें. दुसरी अशी कीं, पानाच्या सभोंवतीं कोरी जागा सोडावी; म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाहीं. सतराव्या शतकांतले हे दोन नियम एकविसाव्या शतकांतल्या यंत्रालाही कसे लागू पडतात, हें पुढें दिसेलच.

कागदावरून अक्षर यंत्रांत गेलें तें लोखंडाच्या आधारानें. इ. स. १९५६ च्या सप्टेंबरांत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें ‘रामॅक’ नांवाचें यंत्र जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतल्या सॅन होझे येथें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या मंडळीनें तें घडविलें होतें. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचून मिनिटाला बाराशें फेऱ्यांच्या गतीनें फिरविल्या जात. तबकड्यांवर लोहभस्माचा लेप असे. एक दांडा वरखालीं सरकून हवी ती तबकडी गांठी आणि लेपावरच्या सूक्ष्म ठिपक्यांना चुंबकत्व देई. चुंबकाचीं उत्तर-दक्षिण टोंकें या किंवा त्या दिशेस वळविणें, हेंच त्याचें लिहिणें. आणि तीं कशीं वळलीं आहेत तें ओळखणें, हेंच त्याचें वाचणें. टनभर वजनाच्या या अवजड यंत्रांत अक्षरें मावत अवघीं पन्नास लाख. आजच्या मोबाइलनें घेतलेलें एक बरेंसें छायाचित्रही तेवढी जागा व्यापतें.

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत संगणक बांधण्याचा उद्योग चालला होता. तें यंत्र इ. स. १९६० मध्यें पूर्ण झालें, आणि १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्याची स्मृति म्हणजे तारांत ओवलेल्या चुंबकीय कड्यांचें जणूं विणकामच होतें. प्रत्येक कडीच्या वांट्याला एक खूण, आहे किंवा नाहीं, एवढीच.

पुढचा इतिहास आकुंचनाचा आहे. इ. स. १९७३ मध्यें आय. बी. एम. नें तबकड्या आणि वाचकदांडा एकाच बंद पेटींत घालून धुळीचा शिरकाव थांबविला. १९८० मध्यें सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची तबकड्यांची पेटी काढली. तींतही अक्षरें पन्नास लाखच मावत. पण ती आतां मेजावरच्या यंत्रांत बसूं लागली. १९८८ मध्यें फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्र्यूनबर्ग यांनीं, अतिपातळ थरांची विजेला होणारी अडवणूक चुंबकत्वामुळें फार मोठ्या प्रमाणांत बदलते, असें स्वतंत्रपणें दाखविलें. या शोधानें अतिशय क्षीण चुंबकखुणाही वाचतां येऊं लागल्या, आणि त्याच तबकडींत कितीतरी अधिक मजकूर मावूं लागला. २००७ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालें. आजच्या हार्ड डिस्कमधलें वाचनाचें टोंक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असतें. चालूं डिस्कला बसलेला एक धक्का ती कायमची निकामी कां करूं शकतो, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी वाट जपानांतून निघाली. तोशिबा कंपनींतले फुजिओ मासुओका यांनीं १९८४ मध्यें ‘फ्लॅश’ स्मृतीची कल्पना मांडली. हिच्यांत फिरणारें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या चकतीवर अब्जावधि सूक्ष्म कोठड्या. प्रत्येक कोठडींत विजेचा थोडासा भार कोंडलेला. त्या भाराच्या मोजमापावरून अक्षर ओळखायचें. १९९१ मध्यें या तत्त्वावरचा दोन कोटि अक्षरांचा ड्राइव्ह बाजारांत आला. त्याची किंमत सुमारें एक हजार डॉलर होती! तोच वंश आज ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, म्हणजे एस. एस. डी., या नांवानें घरोघर पोंचला आहे.

येथें समर्थांचा पहिला नियम पुन्हां भेटतो. कोठडींत एकच खूण ठेवायची तर भाराच्या दोन पायऱ्या ओळखल्या कीं पुरे. दोन खुणांना चार पायऱ्या लागतात, तीन खुणांना आठ, आणि चार खुणांना सोळा. जागा तीच, पण लेखन अधिकाधिक बारीक. त्यामुळें माल स्वस्त पडतो. परंतु पायऱ्यांमधलें अंतर कमी झाल्यानें कोठडी लौकर झिजते आणि भार किंचित् गळला तरी वाचनांत गोंधळ होतो. सोळा पायऱ्यांचा, ‘क्यू. एल. सी.’ म्हणून ओळखला जाणारा ड्राइव्ह क्वचित् लिहून वारंवार वाचण्यास ठीक आहे. रोज मोठी लिहापूस करणाऱ्यानें आठ पायऱ्यांचा ‘टी. एल. सी.’ घ्यावा. दुसरा नियमही असाच खरा ठरतो. एस. एस. डी. आपली झीज सर्व कोठड्यांत वांटून घेत असतो, आणि त्यासाठीं त्याला मोकळी जागा लागते. तो कांठोकांठ भरला कीं मंदावतो. दहाव्या-पांचव्या हिश्श्याइतका समास कोरा राखणें शहाणपणाचें.

मग घरच्या संगणकासाठीं निवड कशी करावी? प्रश्न हार्ड डिस्क चांगली कीं एस. एस. डी. चांगला, असा नाहीं. कोणतें काम कोणाला द्यावें, असा आहे. हार्ड डिस्कला हवी ती जागा गांठण्यास सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो, एस. एस. डी. ला त्याच्या शतांशाहूनही कमी. म्हणून ज्या ड्राइव्हवरून संगणक सुरू होतो तो एस. एस. डी. असावा, जुना संगणकही त्यानें हुशार होतो. त्यांतही ‘साटा’ जोडणीचा ड्राइव्ह सेकंदाला सुमारें साडेपांचशें मेगाबाइट देतो, तर ‘एन. व्ही. एम. ई.’ जोडणीचा हजारों. पत्रव्यवहार आणि हिशेब करणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाहीं. चित्रफितींचें संपादन करणाऱ्याला जाणवतो. खरेदीपूर्वीं आपल्या संगणकांत कोणती जोडणी बसते, हें मात्र पाहून घ्यावें. उलट, वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें सांठविण्यास तेवढ्याच पैशांत अधिक जागा देणारी हार्ड डिस्क बरी. आणि एक टेराबाइटच्या डबीवर संगणक ९३१ हा आंकडा दाखवितो म्हणून दुकानदाराशीं भांडूं नये. कारखानदार हजारानें मोजतो आणि संगणक १०२४ नें, एवढाच तो भेद.

जालन्याच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. एस. एस. डी. विजेशिवाय पडून राहिला तर त्यांतला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेनें तो अधिक वेगानें गळतो. घरगुती एस. एस. डी. ची नेमून दिलेली लेखनमर्यादा संपल्यावर तो ३० अंश सेल्सिअसवर, विजेशिवाय, एक वर्ष मजकूर धरून ठेवील, एवढीच उद्योगाच्या प्रमाणकाची अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ टिकतो, हें खरें. तरी मे महिन्यांत पत्र्याखालच्या पेटींत वर्षानुवर्षें ठेवून देण्याची ही वस्तु नव्हे. हार्ड डिस्कला मात्र धक्क्यापासून जपावें, आणि दोहोंनाही वीज अचानक जाण्यापासून.

जालना ही बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ मध्यें येथें महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी स्थापिली. पोत्यावर कांहींही छापलेलें असो, जाणता शेतकरी पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून किती उगवतात तें मोजतो. सांठविलेल्या मजकुराचीही अशीच उगवण पाहावी. वर्षाकांठीं एकदां ठेवणींतल्या प्रतीवरून दहा-वीस फाइली उघडून बघाव्या. न उघडणारी प्रत म्हणजे न उगवणारें बीं.

आणखीही एक धोका आहे, आणि तो २०२३ च्या शोधांत स्पष्ट दिसला. कागद टिकला तरी लिपि जाणणारा दुर्मिळ होतो. फ्लॉपीची तीच गत झाली. एके काळीं प्रत्येक कचेरींत असलेली ती चौकोनी चकती आज हातीं आली तरी वाचणारें यंत्र सांपडत नाहीं. तेव्हां दर पांच-सात वर्षांनीं मजकूर नव्या भांड्यांत ओतावा, आणि तो सर्वत्र उघडणाऱ्या साध्या रूपांत ठेवावा.

दासबोध आजवर राहिला तो कोणत्या एका बळकट पोथीमुळें नव्हे. शिष्यांनीं त्याच्या नकला केल्या. त्या दूरदूरच्या मठांत राहिल्या. आणि पुढें धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांच्यासारख्या संशोधकांनीं मठोमठीं हिंडून तीं बाडें गोळा केलीं. एका मठाला आग लागली तरी दुसऱ्यांतली प्रत वांचे. घरच्या मजकुरालाही हाच न्याय लावावा. एक प्रत संगणकांत, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी गांवाबाहेरच्या आप्ताकडे किंवा इंटरनेटवरील सांठवणींत. रामॅकपासून आजपर्यंत भांडें लाखों पटींनीं मोठें झालें. पण न फुटणारें भांडें अद्याप कोणी घडविलेलें नाहीं. दुकानांत उत्तम ड्राइव्ह विकत मिळतो. दुसरी प्रत मात्र ज्याची त्यानेंच करून ठेवावी लागते.