ऑफिसमधली फाइल आणि ती माहिती असलेला माणूस कसा शोधायचा? वर्कप्लेस सर्चची सोपी ओळख

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मालवणमधून घरूनच काम करते. पुण्या-मुंबईच्या ऑफिसमध्ये चहा घेता घेता "ती फाइल कुठे आहे रे?" असं विचारता येतं. इथे ते काम सॉफ्टवेअरकडून करून घ्यावं लागतं. तुम्हीही गावाकडून नोकरी करणार असाल, तर हे नीट समजून घ्या.

वर्कप्लेस सर्च म्हणजे काय?

कंपनीतल्या फाइल्स, चॅट, ईमेल आणि माणसं एकाच ठिकाणी शोधून देणारी सोय म्हणजे वर्कप्लेस सर्च. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये यासाठी 'डेल्व्ह' आणलं. तुम्ही कोणाबरोबर काम करता, कोणती फाइल उघडता, यावरून ते तुमच्या कामाच्या फाइल्स आपणहून समोर ठेवायचं. डिसेंबर २०२४ मध्ये डेल्व्ह बंद झालं, पण ती कल्पना मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सर्चमध्ये आणि प्रोफाइल कार्डमध्ये आजही आहे. गूगल ड्राइव्ह आणि स्लॅकमध्येही अशी सोय मिळते.

सरकारी कार्यालयांत एनआयसीने बनवलेलं 'ई-ऑफिस' असतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि कागदी फाइल्सवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते सगळ्यांना दिसलं. राज्यात ई-ऑफिस लवकर स्वीकारणाऱ्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्गही आहे.

फाइल असूनही सापडत नाही. का?

१. परवानगी नाही. तुम्हाला जी फाइल उघडायची परवानगी नाही, ती सर्चमध्येही दिसत नाही. "काहीच सापडलं नाही" याचा अर्थ "फाइल नाहीच" असा घेऊ नका.

२. जुना फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल स्क्रीनवर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये 'मालवण' शोधलं की ती येत नाही. कन्व्हर्टर वापरून युनिकोड करणं हाच उपाय.

३. स्कॅन केलेली पीडीएफ. कॉम्प्युटरसाठी हा नुसता फोटो. ओसीआर केल्याशिवाय त्यातला शब्द सापडेलच असं नाही.

४. शब्दाचं रूप बदलतं. तुम्ही 'किल्ला' शोधता आणि फाइलमध्ये असतं 'किल्ल्याची दुरुस्ती'. म्हणून दोन-तीन रूपं टाकून बघा. 'मालवण'चं इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिलं जातं, दोन्ही शोधा.

शोधायची पद्धत

फाइलचं नाव आठवत नसेल तर बाकी काय आठवतं ते वापरा. गूगल ड्राइव्हमध्ये फाइलचा प्रकार, माणूस आणि बदलाची तारीख असे फिल्टर आहेत. "गेल्या महिन्यात टीम लीडने पाठवलेली एक्सेल" एवढं आठवलं तरी पुरतं. मोबाइल अॅपमध्येही हे फिल्टर चालतात.

सरावासाठी महाराष्ट्र शासनाची शासन निर्णयांची वेबसाइट उघडा. तिथे विभाग, तारीख किंवा सांकेतांक टाकून जीआर शोधता येतो. नीट नोंद ठेवली की जुना कागद किती पटकन मिळतो, ते लगेच कळेल.

फाइलमागचा माणूस

माझ्या अनुभवात निम्म्या वेळा फाइल नाही, ती समजावणारा माणूसच हवा असतो. त्यासाठी फाइलचा मालक आणि व्हर्जन हिस्टरी बघा. मालक बदलून गेलेला असला, तरी शेवटचे बदल कोणी केले ते दिसतं. मग प्रोफाइल कार्डवरून त्याची टीम आणि वरिष्ठ कळतात.

मेसेज करताना नुसतं "हाय, वेळ आहे का?" लिहून थांबू नका. फाइलची लिंक, नेमका प्रश्न आणि तुम्ही काय करून पाहिलं, हे एकाच मेसेजमध्ये द्या. गोपनीय नसेल तर टीमच्या चॅनलवर विचारा, म्हणजे पुढच्या माणसाला तेच उत्तर सर्चमध्ये मिळेल. मात्र स्लॅकच्या फ्री प्लॅनमध्ये फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. महत्त्वाचं उत्तर डॉक्युमेंटमध्ये उतरवून ठेवा.

या दोन गोष्टी आजच तपासा

पहिली: पगाराची किंवा आधार कार्डांची फाइल सगळ्यांसाठी खुल्या फोल्डरमध्ये पडली आहे का? आधी ती कुणी उघडत नव्हतं, पण चांगलं सर्च ती दोन सेकंदांत समोर आणतं. सर्च परवानगी मोडत नाही, आपणच दिलेली ढिली परवानगी उघडी पाडतं.

दुसरी: टीमची फाइल कुणाच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये आहे का? नोकरी सोडल्यावर खातं डिलीट झालं, की ठरावीक सेटिंगनुसार तिथल्या फाइल्स ३० दिवसच राहतात. त्यामुळे अशी फाइल टीमच्या सामायिक जागेतच ठेवा.

आणि नवी फाइल सेव्ह करताना नावात विषय, ठिकाण आणि वर्ष लिहा. 'फायनल' आणि 'फायनल नवीन' यांतली खरी कोणती, हे कुठलंच सॉफ्टवेअर खात्रीने सांगू शकत नाही.