ओवीचा वारसा

पावसाळ्यांत भुशीच्या धरणावरून जें पाणी खळाळत खालीं उतरतें, तें इंद्रायणीचें होय. एके काळीं आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांसाठीं अडविलेला हा प्रवाह पुढें तुकोबांच्या देहूवरून आणि ज्ञानदेवांच्या आळंदीवरून वाहत जातो. अशा नदीच्या उगमाजवळ आपण उपासनेस जमतों. म्हणून या महोत्सवाच्या प्रसंगीं, ज्या काव्याचे आपणहि वारसदार आहों, त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस उचित वाटतें.

ओवी ही प्रथम पंडितांची नव्हे, कष्टकरी स्त्रियांची. इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात असा उल्लेख आहे. तीच ओवी ज्ञानदेवांनीं हातीं घेतली आणि १२९० मध्यें नेवासें येथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तीन चरण यमकानें जुळलेले, चौथा आखूड व मोकळा, एवढाच हा साधा घाट. परंतु त्यांत गीतेचें तत्त्वज्ञानहि मावलें.

१५७९ मध्यें थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले. १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ते तेथेंच राहिले. त्या काळीं नवख्रिस्ती लोकांस आपलीं जुनीं पुराणें बाळगण्याची मनाई झाली होती व कित्येक ग्रंथ अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडले होते. हें आमच्याच धर्मबंधूंच्या संमतीनें घडलें. उत्सवाच्या भरांत तें झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभींच एक ब्राह्मण येऊन पाद्रीस विनवितो: आमचीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरें कांहीं आम्हांस कां देत नाहीं? त्याला केवळ प्रश्नोत्तरावली पुरेशी नव्हती. ज्या समाजाचें गाणें गेलें, त्याच्या अंतरांतील पोकळी त्या एका प्रश्नांत दिसते.

त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण'. १६१६ मध्यें राचोल येथें तें छापलें गेलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें अक्षरें रोमन होतीं. परंतु भाषा मराठी आणि छंद ओवीचाच. दोन भाग, पंचाण्णव अवस्वर आणि सुमारें अकरा हजार ओव्या, एवढा त्याचा विस्तार. परदेशांत जन्मलेल्या या धर्मगुरूनें मराठीची स्तुतीहि त्यांत मुक्तकंठानें गाइली आहे. पुढें एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयानें संत पेत्राचें पुराणहि याच वाटेनें रचिलें.

१६८४ मध्यें पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें, लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढिला. तरी पुराण नष्ट झालें नाहीं. भाविकांनीं त्याच्या प्रती हातानें उतरून जपल्या. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें तें पुन्हां छापून काढिलें; १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति सिद्ध केली. हुकूम इतिहासजमा झाला, ओवी उरली.

आपल्या डोंगरांतहि ती उरली आहे. फ्रान्समध्यें जन्मलेले गी प्वातवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस, आपल्या पुणें जिल्ह्यापासून आरंभ करून, खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या टिपून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. पिठाच्या गिरण्या आल्या, जातें थांबलें. तीं गाणीं मात्र त्या वृद्ध मातांच्या कंठांत होतीं.

१९९९ मध्यें युनेस्कोनें २१ मार्च हा जागतिक काव्यदिन ठरविला. काव्य हें सर्व मानवजातीचें धन आहे, हें आपणांस नवें नाहीं. दळणारी स्त्री, आळंदीचा संत आणि इंग्लंडचा पाद्री एकाच छंदांत बोलले, हें आपण जाणतों. आमची विनंती एवढीच कीं, या महोत्सवी वर्षांत प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरच्या आजीबाईंजवळ बसावें आणि तिला आठवतील त्या ओव्या वहींत लिहून घ्याव्या. चारशें वर्षांपूर्वीं एका नवख्रिस्ती माणसास आपलें गाणें मागावें लागलें होतें. आपल्या नातवंडांवर ती वेळ न येवो.