म्हणोन, ऐसियास आणि स्वल्पविराम

पेशवाईतलं एखादं मोडी पत्र बघा. कारकुनाने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आहे आणि मग तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरं लिहीत गेला आहे. दोन शब्दांत फट नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरी जाणकाराला वाक्य कुठे संपलं ते कळतं, कारण तिथे विरामाचं काम शब्द करतात.

समोरच्याने काय कळवलं होतं ते आधी मांडायचं आणि शेवटी लिहायचं : 'म्हणोन लिहिले ते कळले'. हे 'म्हणोन' म्हणजे मिटतं अवतरणचिन्हच. तुमचं बोलणं इथे संपलं, आता माझं. 'ऐसियास' आलं की हकिकत झाली, त्यावरचं म्हणणं पुढे. 'सबब' आलं की कारणाकडून निर्णयाकडे. 'बहुत काय लिहिणे' आलं की पत्र आटोपलं. नदी उतरून, मुक्काम करून, रसद घेऊन अशी कितीही कामं ओवा, शेवटचं क्रियापद येईपर्यंत वाक्य उघडंच राहतं. पोथ्यांत दंड होते, पण ते मुख्यतः श्लोक-ओव्यांचे.

मग छापखाना आला, शाळांसाठी पुस्तकं हवी झाली, इंग्रजीतून भाषांतरं होऊ लागली. मोल्सवर्थच्या कोशकार्यातले सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढलं आणि इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुजवली. मी त्यांचे उपकार मानते. लांबलचक गद्य डोळ्यांनी, मनातल्या मनात वाचणं या चिन्हांमुळे किती सोपं झालं!

पण प्रबंध तपासायला बसले की जुना कारकून आठवतो. 'पाऊस कमी झाला, विहिरींची पातळी खाली गेली, शेतकऱ्यांनी पीक बदललं.' तीन पुरी वाक्यं, मध्ये दोन स्वल्पविराम. पीक कशामुळे बदललं? पाण्यामुळे, की बाजारभावामुळे? संशोधनाचा सगळा दावा याच सांध्यावर उभा असतो आणि नेमका तोच स्वल्पविरामावर सोडलेला. 'पाऊस कमी झाल्याने विहिरींची पातळी खाली गेली, म्हणून शेतकऱ्यांनी पीक बदललं' असं लिहिलं की विद्यार्थी एका विधानाला बांधला जातो आणि पुरावा कशाचा द्यायचा तेही त्याला कळतं. मी समासात एवढंच लिहिते : 'इथे कोणता शब्द?' पुष्कळदा मुलं परत येतात ती वाक्य नव्हे, निष्कर्ष बदलून. पाऊस आणि पीक यांचा संबंध आपण तपासलाच नव्हता, हे त्यांना 'म्हणून' लिहायला गेल्यावर उमगलेलं असतं.

गावोगावच्या दाखल्यांत 'सबब' अजून भेटतो. 'सदर इसम या गावचे रहिवासी आहेत, सबब दाखला दिला असे.' आधी कारण, मग निर्णय, मध्ये एक शब्द.