न मिसळणारे पाणी

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून कार्बन डायऑक्साइडचा लोट उसळला. हवेहून दीडपट जड असलेला हा वायू दऱ्यांत उतरला आणि सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली. दोन वर्षांपूर्वी त्याच देशातील मोनून सरोवराकाठी ३७ जण असेच दगावले होते.

हा ज्वालामुखीचा उद्रेक होता का? आम्हां शास्त्रज्ञांत यावर कडाक्याचा वाद झाला. तो नुसता पुस्तकी नव्हता. उद्रेक असेल, तर माणसाच्या हाती काहीच उरत नाही. पण तळाचे पाणी तापलेले नव्हते, गंधकाचे प्रमाणही नगण्य होते. भूगर्भातून झिरपणारा वायू वर्षानुवर्षे तळाच्या पाण्यात विरघळत होता. वायू व क्षारांमुळे हे पाणी वरच्यापेक्षा जड. म्हणून २०८ मीटर खोल सरोवरातले थर एकमेकांत मिसळतच नव्हते. वरच्या पाण्याचा दाब म्हणजे जणू सोडावॉटरच्या बाटलीचे बूच. (वर्गात बाटली उघडून दाखवावी!)

साठलेला वायू काढता येतो. २००१ मध्ये तळाजवळ नळी सोडली. पंपाने पाणी थोडे वर ओढताच बुडबुडे सुटले, पाणी हलके झाले आणि पंप थांबवल्यावरही कारंजे आपोआप उडत राहिले. २०११ मध्ये आणखी दोन नळ्या बसवल्या.